अधिवेशनाआधीची यादी



आजचा विषय तुम्हाला जरा कोरडा वाटेल. अधिवेशन तोंडावर आलं की वर्तमानपत्राच्या तालुका पानावर एक बातमी ठरलेली असते. आमदार साहेब अधिवेशनात अमुक प्रश्न मांडणार. खाली यादी असते : रस्ता, पाणी, वीज, बिबट्या, कारखाना, वाहतूक कोंडी. शेजारी मतदारसंघातल्या घडामोडी : कुठं भूमिपूजन, कुठं आढावा बैठक, कुठं सांत्वनभेट. आपण चहा पिता पिता ती वाचतो आणि पान उलटतो. मीही चाळीस वर्षं तेच केलं. आज त्या यादीबद्दल बोलायचं आहे. ती कुठून आली, तिला किती किंमत मोजावी लागली, आणि आपण तिचं काय करतो. कुठल्या पक्षाबद्दल किंवा आजच्या आमदारांबद्दल मी बोलणार नाही, त्यामुळे कुणी दचकू नका. (हशा)

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. माझं गाव भीमेच्या दक्षिण काठाला, दौंड तालुक्यात. आजोळ नदीपलीकडे, शिरूर तालुक्यात. निवृत्त होऊन गावी जाऊन-येऊन राहायला लागलो तसे गावकरी म्हणाले, "सर, तुम्ही डॉक्टर आहात, अधिवेशनाआधी आमदारांना द्यायचं निवेदन तुम्हीच लिहा." मी सात पानं लिहिली. सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेपासून. (हशा) मध्ये न्याय म्हणजे काय, मग नदी आणि समाज यांचं नातं. आम्ही पाच-सहा जण ते घेऊन गेलो. तिथल्या स्वीय सहायकानं, पंचविशीतला मुलगा होता, सातही पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, "सर, फार छान आहे. पण यात विचारायचं नेमकं काय?"

मी गप्प. माझ्याबरोबरचा एक शेतकरी म्हणाला, "बंधाऱ्याचे ढापे वेळेवर बसत नाहीत. पाऊस संपला की बसवायला पाहिजेत, ते बसतात उशिरा. तोवर पाणी वाहून जातं आणि फेब्रुवारीत नदी कोरडी. ढापे कुणी बसवायचे आणि कुठल्या तारखेला, एवढं विचारा." त्या मुलानं ते दोन ओळींत लिहून घेतलं. माझी सात पानं फायलीत गेली.

या गोष्टीचा शेवट मी शेवटी सांगेन. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या दिवशी कळलं की गाऱ्हाणं आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाऱ्हाणं मांडलं की मन हलकं होतं. प्रश्न विचारला की समोरच्यावर उत्तर द्यायची जबाबदारी येते. आणि ही जबाबदारी आपल्या भागाला फुकट मिळालेली नाही.

आता दीडशे वर्षं मागं जाऊ. १८७४ चा डिसेंबर. शिरूर तालुक्यातलं करडे गाव. तिथं कलुराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापायी बेदखलीचा हुकूमनामा मिळवला. गाव चिडलं. गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी हजामत करेना, पाणक्या पाणी भरेना, कुणी शेत कसायला घेईना. पुढं १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात उठाव झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा आजच्या दौंड आणि बारामतीचा मुलूख भीमथडी तालुक्यात मोडायचा. तिथून लोण शिरूर, श्रीगोंदा, पारनेर असं पसरलं. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो.

एक गोष्ट लक्षात घ्या. बहुतेक ठिकाणी जमावानं जीव घेतले नाहीत, कागद घेतले. कर्जरोखे, खतं, हुकूमनामे. ते दिले की माणूस सुटला. आणि हा काही एका जातीचा दुसऱ्या जातीवरचा राग नव्हता, निदान मुळात नव्हता. जमिनीचा सारा नव्या पाहणीत वाढवलेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो १८६५ नंतर कोसळलेला. सारा रोख भरायचा, म्हणून कर्ज. कर्ज फेडायचं, म्हणून आणखी कर्ज. सावकाराच्या हाती कागद आणि कागदाच्या पाठीशी नवं दिवाणी न्यायालय. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, पण आपला गळा त्या कागदानं आवळला आहे हे त्याला कळत होतं.

आता अधिवेशनाची यादी डोळ्यांसमोर ठेवून विचार करा. करडे-सुप्याच्या माणसांच्या मागण्या काय होत्या? सारा कमी करा, व्याजाला मर्यादा घाला, कोर्टानं नुसता कागद न बघता व्यवहार बघावा. एकदम स्वच्छ यादी आहे. पण द्यायची कुणाला? मुंबईचं कायदेमंडळ १८६२ मध्ये सुरू झालं होतं, टाउन हॉलात. त्यातले सभासद सरकारनं नेमलेले. मूठभर एतद्देशीय होते, ते सरदार, संस्थानिक, मोठे व्यापारी. प्रश्न विचारायचा अधिकार कुणालाच नव्हता. समोर आलेल्या विधेयकावर बोलायचं, बस्स. म्हणजे भीमथडीच्या शेतकऱ्याच्या हातात अर्ज करणं आणि कागद जाळणं एवढे दोनच मार्ग होते. अर्ज करून झाला होता.

त्यानंतर सरकारनं आयोग नेमला, आयोगानं साक्षी घेतल्या, अहवाल दिला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. कोर्टाला कागदामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा मिळाली. हप्ते बांधून द्यायची सोय झाली. गावपातळीवर दस्तनोंदणी आणि समेट यांची व्यवस्था आली. चांगला कायदा होता. पण तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलात झाला, जिथं एकही माणूस करड्याचा किंवा केडगावचा नव्हता. परिणाम असा की काही वर्षांत पळवाट निघाली. गहाणखतावर कोर्ट हिशोब तपासतं ना? मग सावकार म्हणाला, गहाण नको, सरळ खरेदीखतच कर. कर्ज फिटलं की जमीन परत देईन, हा तोंडी शब्द. कित्येकांच्या जमिनी अशा गेल्या. हे कुणाला आधी सांगता आलं असतं? ज्याच्या घरात सावकाराचं येणं-जाणं होतं त्याला. पण तो सभागृहात नव्हता.

याच काळात पुण्यात एक विलक्षण प्रयोग चालला होता. १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका तिचा कणा होते, आणि पुढच्या वर्षी न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले. या सभेचा सभासद व्हायची अट मला फार महत्त्वाची वाटते. किमान पन्नास लोकांनी सही केलेला मुखत्यारनामा आणा, तर तुम्ही सभासद. निवडणूक नव्हती, मतपेटी नव्हती. तरी यांनी ठरवलं की जो लोकांच्या वतीनं बोलणार त्याच्या खिशात लोकांच्या सह्या पाहिजेत. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेनं खेड्याखेड्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पाठवली. म्हणजे आज ज्याला आपण मतदारसंघाचा आढावा म्हणतो तो.

आणि गंमत बघा. ज्या १८७५ मध्ये सुप्यात कागद जळत होते, त्याच वर्षी रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिकडं व्याख्यानं, इकडं दंगे, अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. शब्दाला वाट करून दिली नाही तर आगीला वाट मिळते, हे रानड्यांना कळलं होतं.

इथं थोडं तत्त्वज्ञान सांगू द्या, सवय जात नाही. (हशा) मुखत्यारनामा म्हटला की एक कल्पना त्यात येते : प्रतिनिधी म्हणजे दूत. मी सांगितलं ते त्यानं बोलायचं. दुसरी कल्पना इंग्लंडात एडमंड बर्कनं १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे मांडली. त्याचं म्हणणं असं की मी तुमचा निरोप्या नाही. मी तुम्हाला माझे कष्ट देणं लागतो, तसाच माझा विवेकही देणं लागतो. देशहित आणि ब्रिस्टलचं हित यांत फरक पडला तर मी विवेकानं वागेन. बर्क पुढं आयर्लंडच्या व्यापाराला सवलती द्या म्हणाला, ब्रिस्टलचे व्यापारी बिथरले, आणि १७८० मध्ये त्याला ती जागा सोडावी लागली. म्हणजे दूत की विश्वस्त? विसाव्या शतकात हॅना पिटकिन या विदुषीनं प्रतिनिधित्वावरच ग्रंथ लिहिला आणि दाखवलं की या दोन्ही टोकांना गेलं की प्रतिनिधित्व उरतच नाही. नुसता दूत असेल तर टपाल पुरे. नुसता विश्वस्त असेल तर राजा पुरे. प्रतिनिधी लोकांच्या हिताचं करतो आणि लोक विचारतील तेव्हा कारण सांगतो. हे कारण सांगणं महत्त्वाचं.

कारण विचारायचा अधिकार आपल्याकडे टप्प्याटप्प्यानं आला. १८९२ च्या कायद्यानं कौन्सिलच्या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलायची आणि प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, पुष्कळ अटी घालून. म्हणजे आज सकाळी प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो त्याचं बीज १८९२ चं आहे. १९०१ मध्ये मुंबई कौन्सिलात जमीन महसूल दुरुस्ती विधेयक आलं. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेऊन. सरकार म्हणे, शेतकऱ्याला सावकारापासून वाचवतो. गोपाळ कृष्ण गोखले आणि फिरोजशहा मेहता यांनी विरोध केला. दुष्काळानं मोडलेल्या माणसाचा हक्क काढून घेऊन त्याचं रक्षण कसं होणार, हा त्यांचा मुद्दा. सरकारचं बहुमत ठरलेलंच होतं. तेव्हा मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभागृहातून उठून गेले. सभात्याग हा शब्द आपण आज रोज ऐकतो. तेव्हा ते अघटित होतं, आणि त्याआधी त्यांनी विधेयकाचं कलम न् कलम वाचलं होतं. हे दुसरं विसरू नका.

आता एक अवघड गोष्ट. गावाची यादी म्हणजे कुणाची यादी? मी लहानपणी पाहिलेल्या निवेदनांवर सह्या कुणाच्या असत? पाटील, सरपंच, सोसायटीचे चेअरमन. वस्तीच्या विहिरीचं नाव त्या कागदावर येत नसे. बाईची सही तर नसेच. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कौन्सिलात रावबहादुर सी. के. बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला वापरू द्याव्यात. ठराव मंजूर झाला. पण कागदावर मंजूर झालेलं पाणी तोंडात पडायला महाडला जावं लागलं, मार्च १९२७ मध्ये. त्याच वर्षी १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगाव भीमाच्या स्तंभाजवळ आले होते. त्याच सुमारास ते कौन्सिलचे सभासद झाले, आणि १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं. वतन म्हणजे गावाची आणि सरकारची अहोरात्र चाकरी, मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. आपल्या दोन्ही तालुक्यांत घरोघर त्याच्या आठवणी होत्या. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही, वतन कायद्यानं रद्द व्हायला १९५८ उजाडलं. तीस वर्षं. पण ज्या प्रश्नाला गावाच्या यादीत जागा नव्हती तो सभागृहाच्या पटलावर आला, कारण तो ज्यांचा होता त्यांचा माणूस तिथं बसला होता.

यापुढं स्वातंत्र्य, प्रौढ मतदान, १९६० चा महाराष्ट्र. नागपूर कराराचा मान राखून हिवाळी अधिवेशन नागपूरला सुरू झालं. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये असं संविधानाच्या १७४ व्या अनुच्छेदात आहे. आपण वर्षाला तीन घेतो : अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी.

यादीचं सोनं कसं होतं याचं एकच उदाहरण देतो. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विचारलं की हाताला काम मागणाऱ्याला सरकार काम देईल का? लहान प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. इथं बसलेल्या माझ्या वयाच्या लोकांना आठवेल : खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव, मिळणारी सुकडी. शिरूर आणि दौंड दोन्ही अवर्षणाच्या पट्ट्यातले. माझी चुलती त्या कामावर होती. तिच्या हाताला घट्टे पडले, पण ती म्हणायची, "मागून नाही खाल्लं, काम करून खाल्लं." त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं केला, आणि २००५ मध्ये देशानं तीच वाट धरली. एका तालुक्यातला प्रश्न देशाचा कायदा झाला. म्हणून मी म्हणतो, यादीला हसू नका.

आता आजच्या यादीकडे येऊ. नकाशा आधी बघा. भीमा आपल्या मधून वाहते. शिरूर लोकसभेला शिरूर मतदारसंघात, दौंड बारामतीत. शिरूर तालुक्याच्या उत्तरेकडची चाळीसेक गावं विधानसभेला आंबेगावात जातात. शिरूरच्या मतदारसंघात हवेलीची गावं येतात. म्हणजे तहसील एकीकडे, आमदार दुसरीकडे, खासदार तिसरीकडे. सामान्य माणसानं कुणाला गाठायचं? म्हणून "हे काम कुणाच्या हातात आहे" हा पहिला प्रश्न.

बिबट्या घ्या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात तीनेक आठवड्यांत दोन लहान मुलं आणि एक वृद्ध माउली गेली. लोक रस्त्यावर उतरले, रास्ता रोको झाला. त्या घरांचं दुःख मी शब्दांत सांगू शकणार नाही, प्रयत्नही करत नाही. मागणी एकच ऐकू येते : बिबटे हटवा. आता बघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, केंद्राचा. बिबट्या त्याच्या पहिल्या परिशिष्टात. माणसाच्या जिवाला धोका झालेल्या प्राण्याबद्दल आदेश द्यायचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला. १९७६ नंतर वन्यप्राणी हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक सूचीत. म्हणजे नुसतं "बिबटे हटवा" म्हटलं की मंत्री केंद्राकडे बोट दाखवून मोकळे. पण एखाद्या शेतकऱ्याला विचारा, रात्री उसात का जातोस? तो म्हणेल, मोटारीची थ्री फेज लाईट रात्रीची येते म्हणून. हा प्रश्न राज्याचा आहे! बिबट्याच्या पट्ट्यातल्या अमुक फीडरला दिवसा वीज कोणत्या तारखेपासून देणार? याचं उत्तर टाळता येत नाही. जुन्नर वन विभागात, ज्यात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर येतात, पिंजरे किती, माणसं किती, मंजूर किती, रिकामी पदं किती? हेही टाळता येत नाही. बिबट्या तोच, दुःख तेच. प्रश्न धारदार झाला.

पाणी घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं, मिळून सुमारे २९ टीएमसी. पुणं वाढतं आहे, आणि त्याच पाण्यावर कालव्यानं दौंड-इंदापूर जगतं. शहरानं प्यायचं नाही का? प्यायचंच. पण वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याहून बेबी कालव्यात सोडायचं ठरलं आहे, ते किती सुटतं आणि कसलं सुटतं? उरलेलं मुळा-मुठेतून येतं आणि रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं. काठच्या गावांना विचारा त्याचा वास. शिरूरकडं चासकमान, डिंभे, घोड. घोड धरण शिरूरच्या चिंचणीला, पाण्यावर श्रीगोंदा-कर्जतचाही हक्क. इथं आपल्या आमदारानं विश्वस्त व्हायचं की दूत? माझं प्रामाणिक मत असं, की आवर्तनाच्या बैठकीत त्यानं आपल्या गावाचं दूतासारखं भांडावं आणि सभागृहात पाणीवाटपाच्या नियमाबद्दल विश्वस्तासारखं बोलावं. फक्त पहिलं केलं तर प्रत्येक तालुका शेजारच्याचं दार फोडेल.

कारखान्यांचंही तसंच. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा, दोन्ही सहकारी कारखान्यांची चाकं काही हंगाम थांबली हे आपण पाहिलं. कारणांवर वाद घालणारे पुष्कळ आहेत. ऊसदराची एफआरपी केंद्र ठरवतं. पण थकलेली एफआरपी वसूल करायची कारवाई साखर आयुक्त करतात, सहकार कायदा राज्याचा. तेव्हा राज्याला काय विचारायचं ते वेगळं काढता येतं. दौंड जंक्शनच्या गाड्या मात्र केंद्राच्या. आमदाराच्या यादीत लोकलची मागणी दिसली तर समजा की ती शिफारस आहे, प्रश्न नाही. शिफारसही करावी, पण आपण फरक ओळखावा.

आणखी एक. आमदार निधी वर्षाला पाच कोटींचा. त्यातून सभामंडप होतो, रस्त्याचा तुकडा होतो, पाटी लागते. आपण त्यावरच आमदार मोजायला लागलो. पण राज्याचा अर्थसंकल्प लाखो कोटींचा आहे. त्याच्यावर कपात सूचना देणं, पुरवणी मागण्या तपासणं, लक्षवेधी लावणं, मंत्र्यानं दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडून पाळलं गेलं का बघणं, हे आमदाराचं खरं काम. ते पाटीवर लिहिता येत नाही, म्हणून आपण विचारत नाही. आपण विचारत नाही म्हणून ते हळूहळू कमी होतं. दोष एकट्या त्यांचा नाही.

आता माझ्या ढाप्यांची गोष्ट पुरी करतो. निवेदन देऊन आम्ही आलो. अधिवेशन झालं. त्या वर्षीही ढापे उशिराच बसले, पाणी वाहून गेलं, शेजाऱ्याचा खोडवा वाळला. मी पारावर बसून म्हणालो, "राजकारणी सगळे सारखेच." टाळ्या मिळाल्या नाहीत, पण माना हलल्या. (हशा) दोन वर्षांनी एका विद्यार्थ्यानं मला विधानसभेच्या प्रश्नांची छापील यादी दाखवली. त्यात आमचा प्रश्न होता! सरकारी भाषेत. हे खरे आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. त्या दिवशी गोंधळामुळे सभागृह तहकूब झालं, म्हणून प्रश्न तोंडी आलाच नाही. लेखी उत्तर पटलावर गेलं : अंशतः खरे आहे, आणि दरवर्षी अमुक मुदतीत ढापे बसवण्याच्या सूचना दिल्या आहेत. म्हणजे मुदत लेखी दिली होती. दोन वर्षं ती कागदावर होती, आणि गावात कुणालाही माहीत नव्हतं. मी, ज्यानं कांटच्या तळटीपा भिंग लावून वाचल्या, त्या मीसुद्धा माझ्याच सभागृहाचा कागद उघडून पाहिला नव्हता.

मग आम्ही त्या उत्तराची प्रत घेऊन संबंधित कचेरीत गेलो. साहेबांना म्हटलं, हे सभागृहाला दिलेलं उत्तर आहे. त्या वर्षी ढापे वेळेत बसले. पुढच्या वर्षी पुन्हा उशीर झाला, हेही सांगतो, म्हणजे तुम्हाला गोष्ट फार गोड वाटायला नको. पुन्हा प्रत घेऊन गेलो.

करड्याच्या माणसांना कागद जाळावे लागले, कारण कागद त्यांच्या विरुद्ध होता आणि त्यांना वाचता येत नव्हता. आपल्याला वाचता येतं. कागद आपल्या बाजूचा असू शकतो. म्हणून परवा बातमी येईल, साहेब अमुक अमुक प्रश्न मांडणार, तेव्हा ती कापून ठेवा. अधिवेशन संपलं की त्यांना प्रेमानं, आदरानं घरी किंवा ग्रामसभेत बोलवा आणि ती समोर ठेवून विचारा : यातलं काय विचारलंत, काय उत्तर आलं, आणि जे विचारलं नाही ते का? ते कारण सांगतील. पटेल, न पटेल. आणि यादी लिहिताना एक सही वस्तीवरची घ्या, एक बाईची घ्या, एक ऊसतोड करणाऱ्याची घ्या. रानड्यांच्या सभेला पन्नास सह्या लागत होत्या. आपल्या ग्रामसभेला तेवढ्या जड नाहीत.

फार वेळ घेतला तुमचा. नदीकाठच्या मंडळींनी थंडीत परत जायचं आहे, एकट्यानं जाऊ नका, बॅटरी बरोबर ठेवा. प्रश्न असतील तर विचारा, मी बसलो आहे. नमस्कार.